रूप आणि ऊर्जा : एअरसॉफ्ट बंदुकांविषयीच्या कायद्यांची चिकित्सा

प्रस्तावना

खेळणे आणि शस्त्र या दोन कल्पना व्यवहारात एकमेकींपासून इतक्या दूरच्या वाटतात की, त्यांच्यामध्ये सीमारेषा आखण्याची गरज सहसा कोणाला भासत नाही. दिवाळीत मुलाच्या हातात असणारे टिकल्यांचे पिस्तूल हे खेळणे आणि पोलिसाच्या कमरेला असणारे रिव्हॉल्व्हर हे शस्त्र, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. जत्रेत फुगे फोडण्यासाठी असणारी छऱ्याची बंदूक या दोहोंच्या मध्ये कोठेतरी बसते. परंतु तिचेही स्थान लोकव्यवहाराने ठरवून टाकलेले आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मात्र अशी एक वस्तू बाजारात आली की, जिने ही सोयीची विभागणी अपुरी ठरवली. ती वस्तू म्हणजे एअरसॉफ्ट बंदूक होय. मारक शक्तीच्या दृष्टीने ती खेळण्याच्या जवळची आहे. दिसण्याच्या दृष्टीने ती लष्करी शस्त्राची हुबेहूब प्रतिकृती आहे.

कायद्यापुढील अडचण येथूनच सुरू होते. शस्त्रविषयक कायदे हे प्रामुख्याने शरीराला होणाऱ्या इजेचा विचार करून घडलेले आहेत. एअरसॉफ्ट बंदुकीपासून उद्भवणारा मोठा धोका मात्र इजेचा नसून समजुतीचा आहे. समोरच्याला ती खरी वाटते आणि त्या वाटण्यातून दरोडा, दहशत, क्वचित पोलिसांचा प्राणघातक गोळीबार असे परिणाम घडतात. एकाच वस्तूचे असे दोन भिन्न जातींचे धोके असताना कायद्याने कशाचे मोजमाप करावे, ऊर्जेचे की रूपाचे, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे. त्या दृष्टीने जपान, ब्रिटन व अमेरिका येथील तरतुदींची चिकित्सा करून त्यांच्या प्रकाशात भारतीय शस्त्र कायद्याची स्थिती तपासण्याचा येथे प्रयत्न केला आहे. या चार व्यवस्थांपैकी ब्रिटिश व्यवस्थेचे विवेचन अधिक विस्ताराने केले आहे. एक तर तिच्यात रूपाचा विचार सर्वांत तपशिलाने झाला आहे आणि दुसरे म्हणजे भारतीय कायद्यातील ‘नकली बंदूक’ ही संकल्पना त्याच परंपरेतून आलेली आहे.

१. वस्तूचे स्वरूप

एअरसॉफ्ट बंदूक ही स्प्रिंगच्या, साठवलेल्या वायूच्या किंवा बॅटरीवर चालणाऱ्या यंत्रणेच्या साहाय्याने प्लास्टिकची गोल गोळी फेकते. गोळीचा व्यास बहुधा ६ मिमी असतो. ०.२० ग्रॅम वजनाची गोळी सेकंदाला १०० मीटर वेगाने नळीबाहेर पडली, तर नळीच्या तोंडाशी तिची गतिज ऊर्जा, म्हणजेच मुखऊर्जा, बरोबर १ ज्यूल भरते. तुलनेसाठी ऑलिंपिक स्पर्धेतील १० मीटर एअर रायफल घेता येईल. तिचा ४.५ मिमी व्यासाचा शिशाचा छर्रा साधारणतः अर्ध्या ग्रॅमचा असतो आणि सेकंदाला सुमारे १७० मीटर वेगाने जातो. त्याची ऊर्जा सुमारे ७ ज्यूल होते. म्हणजे क्रीडाप्रकार म्हणून सर्वमान्य असलेल्या एअर रायफलच्या मानाने एअरसॉफ्ट बंदुकीची शक्ती अनेक पटींनी कमी आहे. तथापि ती निरुपद्रवी नव्हे. जवळून झाडलेली गोळी डोळ्याला लागल्यास गंभीर इजा होऊ शकते आणि म्हणूनच या खेळात डोळ्यांचे संरक्षक आवरण अनिवार्य मानले जाते.

या वस्तूचा जन्म जपानमध्ये १९७० च्या दशकात झाला. खरी बंदूक बाळगणे जेथे सर्वसामान्य नागरिकाला जवळजवळ अशक्य होते, तेथे बंदुकीच्या प्रतिकृतींचा छंद वाढला आणि त्या प्रतिकृतींना गोळी फेकण्याची क्षमता देण्यात आली. १९९१ मध्ये टोक्यो मारुई या कंपनीने बॅटरीवर चालणारी बंदूक बाजारात आणल्यानंतर दोन गटांत लुटुपुटूची लढाई खेळण्याचा प्रकार अनेक देशांत पसरला. या खेळाची गोडी बंदुकीच्या हुबेहूबपणात आहे. खेळाडूला जे हवे आहे, नेमके तेच कायद्याला नको आहे. या विरोधाची दखल घेतल्याशिवाय पुढील कोणत्याही तरतुदीचे मर्म लक्षात येत नाही.

२. जपान : ऊर्जेचे माप

जपानच्या कायद्याने प्रथम रूपाकडे लक्ष दिले होते. धातूच्या नकली पिस्तुलांचा गुन्ह्यांत वापर होऊ लागल्यावर १९७१ च्या दुरुस्तीने अशी पिस्तुले पांढऱ्या किंवा पिवळ्या रंगात रंगवण्याचे आणि त्यांची नळी बंद ठेवण्याचे बंधन घातले गेले. परंतु हे बंधन धातूच्या पिस्तुलांपुरते होते. प्लास्टिकची एअरसॉफ्ट बंदूक त्याच्या कक्षेबाहेर राहिली आणि काळ्या रंगात, खऱ्या शस्त्राच्या आकारात ती विकली जात राहिली. तिची शक्ती किती असावी, हे दीर्घकाळ उत्पादकांच्या संघटनांनी स्वतःहून पाळलेल्या मर्यादांवर सोपवलेले होते.

या स्वयंशिस्तीची मर्यादा २००५ मध्ये उघड झाली. मुद्दाम शक्ती वाढवलेल्या बंदुकांतून रस्त्यावरील वाहनांवर गोळ्या झाडल्याच्या घटना त्या वर्षी घडल्या. २००६ मध्ये शस्त्रविषयक कायद्यात दुरुस्ती होऊन ‘अर्ध-हवाई बंदूक’ असा एक नवा वर्ग निर्माण करण्यात आला. गोळीच्या छेदाच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरमागे ३.५ ज्यूल किंवा त्याहून अधिक ऊर्जा असलेली वस्तू या वर्गात मोडते व ती बाळगण्यास मनाई आहे. ६ मिमी गोळीसाठी ही मर्यादा सुमारे ०.९८९ ज्यूल येते. ज्यांच्याकडे आधीपासून अशा बंदुका होत्या, त्यांना त्यांची विल्हेवाट लावण्यासाठी २० फेब्रुवारी २००७ पर्यंत सहा महिन्यांची मुदत देण्यात आली.

शास्त्रीय दृष्ट्या ही व्याख्या प्रशंसनीय आहे. केवळ ऊर्जा न मोजता ती किती क्षेत्रावर एकवटते, हे मोजल्यामुळे त्वचेला होणाऱ्या इजेशी तिचा थेट संबंध राहतो. मोठ्या व्यासाच्या गोळीला थोडी अधिक ऊर्जा अनुज्ञेय ठरते, कारण तिचा आघात अधिक जागेवर पसरतो. शिवाय हे माप विक्रीपुरते नसून बाळगण्याला लागू असल्यामुळे, विकत घेतल्यानंतर स्प्रिंग बदलून शक्ती वाढवणाराही कायद्याच्या तडाख्यात सापडतो. परंतु प्लास्टिकच्या बंदुकीच्या रूपाविषयी हे माप काहीच बोलत नाही. ०.९ ज्यूलची काळीभोर रायफल आणि तितक्याच शक्तीची गुलाबी रायफल त्याच्या लेखी समान आहेत. खऱ्या बंदुका समाजात अत्यल्प असताना हे मौन फारसे जाणवत नाही. कारण रस्त्यावर दिसलेली बंदूक खोटी असण्याचाच संभव तेथे अधिक असतो. म्हणजे जपानी कायद्याचे यश हे त्या समाजाच्या निःशस्त्रतेवर उभे आहे. हा कायदा जसाच्या तसा अन्यत्र नेला, तर त्याचा आधार मागेच राहील.

३. ब्रिटन : रूपाचे माप

ब्रिटिश कायद्यातील ‘नकली बंदूक’ ही संकल्पना जुनी आहे. १९३३ च्या अधिनियमाने गुन्ह्यात नकली बंदूक वापरणाऱ्याला शिक्षा सांगितली, तेव्हाच गोळी सुटो वा न सुटो, जी वस्तू बंदुकीसारखी दिसते ती नकली बंदूक, अशी व्याख्या केली गेली. १९६८ च्या मुख्य अधिनियमात हीच दृष्टी कायम राहिली. या व्याख्येत वस्तू कशाची बनलेली आहे किंवा ती कशासाठी बनवली होती, याला महत्त्व नाही. ती पाहणाऱ्याला काय वाटली, याला आहे. एकत्र बांधलेल्या धातूच्या दोन नळ्याही प्रसंगी नकली बंदूक ठरू शकतात, असे न्यायालयीन निर्णयांतून पुढे आले ते यामुळेच.

या विचाराची परिसीमा हाउस ऑफ लॉर्ड्सने २००५ मध्ये निश्चित केली. आर विरुद्ध बेन्थॅम या प्रकरणात आरोपीने जाकिटाच्या खिशात हात घालून बोटाने कापड पुढे ढकलले होते व आपल्याजवळ बंदूक असल्याचा आभास निर्माण करून पैसे मागितले होते. समोरच्याला भीती वाटली, यात शंका नव्हती. तरीही नकली बंदूक बाळगल्याचा आरोप न्यायालयाने टिकू दिला नाही. स्वतःचे बोट हे स्वतःहून वेगळे नसल्यामुळे ते ‘बाळगता’ येत नाही, हे त्यामागील कारण होते. या निर्णयातील भेद महत्त्वाचा आहे. भीती ही गुन्ह्याची खूण असली, तरी शस्त्र कायद्याला एखादी वस्तू लागते. केवळ भीतीला शिक्षा करायची असेल, तर त्यासाठी जबरी चोरीचा वा धमकीचा कायदा आहे. रूपाला माप मानणाऱ्या कायद्याने कोठे थांबावे, याचे हे मार्मिक उत्तर म्हणता येईल.

गुन्ह्यात वापरलेल्या नकली बंदुकीपुरता हा विचार पुरेसा होता. परंतु १९९६ मध्ये डनब्लेन येथील शाळेत १६ मुले व त्यांच्या शिक्षिका यांची हत्या झाल्यानंतर १९९७ मध्ये ब्रिटनमध्ये पिस्तुलांवर व्यापक बंदी आली. त्यानंतर कायद्याचे लक्ष नकली बंदुकांकडे वळले. २००३ मध्ये सार्वजनिक ठिकाणी योग्य कारणाशिवाय नकली बंदूक बाळगणे हाच गुन्हा ठरवण्यात आला. त्यापुढील पाऊल म्हणजे ‘व्हायोलंट क्राइम रिडक्शन अ‍ॅक्ट, २००६’ होय. त्याच्या ३६ व्या कलमान्वये ‘हुबेहूब नकली बंदूक’ तयार करणे, साध्या नकली बंदुकीचे तिच्यात रूपांतर करणे, ती विकणे किंवा देशात आणणे हे गुन्हे ठरले. ही तरतूद १ ऑक्टोबर २००७ पासून अमलात आली.

हुबेहूब म्हणजे काय, याचे उत्तर ३८ व्या कलमात आहे. व्यवहारात खऱ्या बंदुकीपासून वेगळी ओळखता येत नाही, ती हुबेहूब. तज्ज्ञालाच कळेल किंवा जवळून न्याहाळल्यावर वा चालवून पाहिल्यावरच कळेल, असा फरक येथे फरक मानला जात नाही. आकारमान, घडण व मुख्य रंग यांचा विचार करावयाचा आहे. विनियमांनी याला अंकांची जोड दिली. उंची ३८ मिमी व लांबी ७० मिमी यांपेक्षा लहान वस्तू अवास्तव समजली जाते. तसेच पारदर्शक किंवा लाल, नारिंगी, पिवळा, हिरवा, गुलाबी, जांभळा, निळा यांपैकी भडक रंगाची वस्तूही अवास्तव समजली जाते. १८७० पूर्वीच्या घडणीच्या बंदुकांच्या प्रतिकृती या बंधनातून मुक्त आहेत. सामान्य नागरिकाच्या नजरेला कायद्यात स्थान देणारी ही व्याख्या असल्यामुळे तिचे मोल आहे. भीतीच्या क्षणी कोणीही बंदूक न्याहाळून पाहत नाही, हे वास्तव तिने मान्य केले आहे.

परंतु या बंदीने एअरसॉफ्टचा खेळ जवळजवळ संपुष्टात आला असता. म्हणून संग्रहालये, नाटके, चित्रपट व ऐतिहासिक प्रसंगांचे पुनर्दर्शन यांच्यासाठी असलेल्या बचावांच्या जोडीला २००७ च्या विनियमांनी या खेळासाठीही बचाव निर्माण केला. त्यासाठी आयोजकाजवळ त्रयस्थ व्यक्तींना होणाऱ्या हानीचा विमा असणे आवश्यक आहे. येथेच या व्यवस्थेचे सर्वांत विवाद्य अंग समोर येते. ग्राहक खरोखर खेळाडू आहे की नाही, हे विक्रेत्याने कसे ओळखावे, याची पद्धत अधिनियमात सांगितलेली नाही. ती पोकळी विक्रेत्यांच्या संघटनेने भरून काढली. किमान ५६ दिवसांच्या काळात तीन वेळा एखाद्या मान्य मैदानावर खेळलेल्या व्यक्तीची नोंद संघटनेच्या सूचीत होते आणि त्या नोंदीच्या आधारे विक्रेता तिला हुबेहूब बंदूक विकतो. नोंद नसलेल्याला भडक रंगाचीच बंदूक मिळते.

या पद्धतीवर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, फौजदारी कायद्यातील एका महत्त्वाच्या अपवादाची किल्ली ज्यांचा विक्रीत आर्थिक हितसंबंध आहे, अशांच्याच हाती गेली. दुसरा आक्षेप अधिक मूलगामी आहे. बंदी उत्पादन, विक्री व आयात यांवर आहे. घरात बाळगण्यावर नाही. १ ऑक्टोबर २००७ पूर्वी घेतलेल्या बंदुका मालकांकडेच राहिल्या. १८ वर्षांखालील व्यक्तीला नकली बंदूक विकत घेता येत नाही. परंतु प्रौढाने ती भेट दिल्यास ती ‘विक्री’ होत नाही. म्हणजे कायद्याने दुकानाच्या दारावर पहारा ठेवला आणि घराच्या दारावर ठेवला नाही.

या आक्षेपांत तथ्य असले, तरी त्यांवरून संपूर्ण व्यवस्था सदोष ठरवणे योग्य होणार नाही. घरातील प्रत्येक प्रतिकृती हा गुन्हा ठरवला असता, तर लाखो निरपराध घरांत पोलिसांना शिरकाव मिळाला असता. ब्रिटिश संसदेने त्याऐवजी विक्री आणि सार्वजनिक ठिकाण या दोन जागा निवडल्या. वस्तू समाजात येते ती पहिल्या जागी आणि समाजाला भीती वाटते ती दुसऱ्या जागी. मधल्या खाजगी जागेला कायद्याने हात लावला नाही. हा संयम दुर्बलतेतून आलेला नसून विवेकातून आलेला आहे, असे मानण्यास जागा आहे.

ऊर्जेचा प्रश्न मात्र ब्रिटनने दीर्घकाळ टाळला. १९६८ च्या अधिनियमात ‘प्राणघातक नळीचे शस्त्र’ अशी शब्दयोजना होती. प्राणघातक म्हणजे किती, हे सांगितलेले नव्हते. विधी आयोगाने २०१५ मधील आपल्या अहवालात १ ज्यूलची मर्यादा सुचवली आणि २०१७ च्या ‘पोलिसिंग अँड क्राइम अ‍ॅक्ट’ने ती स्वीकारली. त्याच वेळी ८ मिमीपर्यंतच्या प्लास्टिक गोळीसाठीच बनवलेल्या एअरसॉफ्ट बंदुकीला स्वतंत्र सूट मिळाली. एकदा चाप ओढल्यावर सलग गोळ्या सुटणाऱ्या बंदुकीसाठी १.३ ज्यूल व इतर बंदुकांसाठी २.५ ज्यूल ही तिची मर्यादा आहे. अशा रीतीने रूप व ऊर्जा यांचे स्वतंत्र नियमन ब्रिटनमध्ये पूर्ण झाले. परंतु दोन तरतुदींमध्ये दहा वर्षांचे अंतर पडले.

४. अमेरिका : खुणेचा भरवसा

अमेरिकेने तिसरा मार्ग पत्करला. १९८८ च्या संघराज्याच्या कायद्याने खेळण्यातील व नकली बंदुकांवर ठळक खूण असणे बंधनकारक केले. नळीच्या तोंडाशी भडक नारिंगी रंगाचे बूच किंवा किमान ६ मिमी रुंदीचा पट्टा ही त्या खुणेची सर्वपरिचित रूपे होत. धातूचे छर्रे मारणाऱ्या पारंपरिक हवाई बंदुका यातून वगळल्या आहेत. बिगर-धातूच्या गोळ्या मारणाऱ्या एअरसॉफ्ट बंदुका मात्र या नियमात स्पष्टपणे समाविष्ट आहेत. परिणामी अधिक शक्तीच्या बंदुकीला खूण नको आणि कमी शक्तीच्या बंदुकीला हवी, अशी विचित्र स्थिती निर्माण झाली.

खुणेवर भिस्त ठेवण्याची किंमत ओहायो राज्यातील क्लीव्हलँड शहरात २२ नोव्हेंबर २०१४ रोजी दिसून आली. एका उद्यानात १२ वर्षांचा मुलगा एअरसॉफ्ट पिस्तूल घेऊन खेळत होता. त्यावरील नारिंगी खूण निघालेली होती. दूरध्वनीवरून पोलिसांना कळवणाऱ्याने ते बहुधा खोटे असावे, असे सांगितले होते. हा भाग घटनास्थळी निघालेल्या पोलिसांपर्यंत पोहोचला नाही. गाडी थांबल्यापासून अवघ्या दोन सेकंदांत गोळी झाडली गेली व दुसऱ्या दिवशी त्या मुलाचा मृत्यू झाला. २०१५ मध्ये ग्रँड ज्युरीने पोलिसांवर आरोप ठेवण्यास नकार दिला; २०१६ मध्ये शहर प्रशासनाने कुटुंबाला ६० लाख डॉलर देण्याचे मान्य केले. त्याआधी २०१३ मध्ये कॅलिफोर्नियातील सँटा रोझा येथेही १३ वर्षांचा मुलगा अशाच प्रकारे मारला गेला होता. त्यानंतर त्या राज्याने केलेला कायदा १ जानेवारी २०१६ पासून लागू झाला. त्याने नळीच्या टोकापुरत्या असलेल्या खुणेची व्याप्ती बंदुकीच्या इतर भागांपर्यंत वाढवली.

या घटनांतून केवळ खूण अधिक मोठी हवी, एवढाच निष्कर्ष काढणे अपुरे ठरेल. खुणेचा कायदा नकळत जबाबदारीची जागा बदलतो. बंदूक खोटी आहे हे सिद्ध करण्याचा भार तो बारा वर्षांच्या मुलाच्या हातातील रंगाच्या पट्ट्यावर टाकतो. पट्टा निघाला की संशयाचा फायदाही निघून जातो. दुसरीकडे, खऱ्या बंदुकीला नारिंगी रंग देणे कोणालाही शक्य असल्यामुळे खूण दिसली तरी पोलीस तिच्यावर पूर्ण विसंबू शकत नाहीत. जी खूण असताना खात्री देत नाही आणि नसताना दोष देते, ती संरक्षणाचे साधन म्हणून किती विश्वासार्ह मानावी? वस्तूवरील नियमन हे पोलिसांच्या प्रशिक्षणाला व संदेशवहनाच्या शिस्तीला पर्याय होऊ शकत नाही. त्या दिवशी क्लीव्हलँडमध्ये रंगाइतकाच एका वाक्याचाही अभाव होता.

५. भारत : बोअरचे माप

भारतीय शस्त्र अधिनियम, १९५९ मधील ‘अग्निशस्त्र’ या संज्ञेची व्याख्या व्यापक आहे. स्फोटक द्रव्याच्या किंवा अन्य प्रकारच्या ऊर्जेच्या क्रियेने कोणत्याही प्रकारचे प्रक्षेप्य फेकणारे शस्त्र तिच्यात येते. ‘अन्य प्रकारची ऊर्जा’ या शब्दांमुळे स्प्रिंगची व हवेची बंदूकही तत्त्वतः या कक्षेत येते; तिला मोकळीक मिळते ती नियमांतील सवलतीमुळे. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार या सवलतीची सीमा दोन अंकांनी ठरते : २० ज्यूल मुखऊर्जा आणि ०.१७७ इंच, म्हणजे ४.५ मिमी, बोअर. यांपैकी कोणतीही एक मर्यादा ओलांडली, तरी परवाना लागतो. ०.२२ बोअरच्या हवाई बंदुकीला परवाना लागतो, तो या दुसऱ्या अंकामुळे.

हवाई बंदुकीपुरती ही मर्यादा समजण्यासारखी आहे. तिच्यामुळे नेमबाजीच्या क्रीडाप्रकाराला वाव राहतो. २०२२ मध्ये कैरो येथे १० मीटर एअर रायफल प्रकारात विश्वविजेता ठरलेल्या ठाण्याच्या रुद्रांक्ष पाटीलचा क्रीडाप्रकार ४.५ मिमी छऱ्याचाच आहे. परंतु हेच माप एअरसॉफ्ट बंदुकीला लावले, तर फलित उलटे येते. तिची ऊर्जा १ ज्यूलच्या आसपास, म्हणजे मर्यादेच्या विसाव्या हिश्श्याइतकी आहे. मात्र तिचा बोअर ६ मिमीचा आहे. नियमाचा शब्दशः अर्थ घेतल्यास ७ ज्यूलची शिशाचे छर्रे मारणारी रायफल परवान्यावाचून घेता येते आणि १ ज्यूलची प्लास्टिक गोळीची बंदूक परवान्याच्या वर्गात जाते. धातूच्या छऱ्याच्या बाबतीत बोअर वाढला की छर्रा जड होतो व इजेचा संभव वाढतो, या अनुभवावर हे माप आधारलेले आहे. हलक्या प्लास्टिक गोळीला हा अनुभव लागू पडत नाही. जपानी व्याख्येशी तुलना केली असता हा दोष अधिक ठळक होतो. तेथे व्यास वाढला की अनुज्ञेय ऊर्जा वाढते. येथे व्यास वाढला की सवलतच नाहीशी होते.

व्यवहारात याचा परिणाम अनिश्चिततेत होतो. सीमाशुल्काच्या वर्गीकरणात स्प्रिंगच्या, हवेच्या वा वायूच्या बंदुका ९३०४ या शीर्षाखाली येतात आणि खेळणी ९५०३ या शीर्षाखाली. एकच वस्तू यांपैकी कोठे बसवावी, याचा निर्णय पाहणाऱ्या अधिकाऱ्याच्या मतावर अवलंबून राहण्याचा संभव आहे. १ जानेवारी २०२१ पासून लागू झालेल्या खेळण्यांच्या गुणवत्ता नियंत्रण आदेशाचाही येथे पूर्ण उपयोग होत नाही. कारण तो १४ वर्षांखालील मुलांच्या खेळासाठी असलेल्या वस्तूंपुरता आहे. म्हणजे प्रौढांसाठी बनवलेली एअरसॉफ्ट बंदूक खेळण्याच्या नियमांत येत नाही आणि शस्त्राच्या नियमांत चुकीच्या कारणासाठी येते.

रूपाच्या बाबतीत भारतीय कायदा पूर्णतः मुका नाही. अधिनियमाच्या ६ व्या कलमाच्या स्पष्टीकरणात ‘नकली अग्निशस्त्र’ याची व्याख्या आहे : गोळी फेकण्यास समर्थ असो वा नसो, अग्निशस्त्रासारखी दिसणारी कोणतीही वस्तू. १९३३ च्या ब्रिटिश व्याख्येचा हा सरळ वारसा आहे. ६ वे कलम नकली बंदुकीचे परवान्यावाचून खऱ्या बंदुकीत रूपांतर करण्यास मनाई करते. २८ वे कलम स्वतःची किंवा दुसऱ्याची कायदेशीर अटक टाळण्याच्या हेतूने नकली बंदूक वापरणाऱ्याला सात वर्षांपर्यंत कारावासाची शिक्षा सांगते. म्हणजे रूपातून उद्भवणारी भीती कायद्याने ओळखली आहे. परंतु तिची दखल प्रामुख्याने पोलिसांसमोर उभ्या राहिलेल्या आरोपीच्या संदर्भात घेतली आहे. बाजारात, बसस्थानकावर किंवा महाविद्यालयाच्या आवारात हुबेहूब बंदूक मिरवणाऱ्याविषयी आणि ती अल्पवयीनाला विकणाऱ्याविषयी हीच व्याख्या वापरून काही सांगण्याची संधी अधिनियमाने घेतलेली नाही. नकली बंदुकीने लुटणाऱ्याला फौजदारी कायद्यान्वये शिक्षा होते, हे खरे. परंतु ती शिक्षा गुन्हा घडल्यानंतरची आहे. शस्त्र कायद्याचे प्रयोजन प्रतिबंध हे आहे. ब्रिटनने हा वारसा २००३ व २००६ मध्ये विस्तारला. भारताने तो १९५९ मध्ये होता तेथेच ठेवला.

यावर असा प्रतिवाद केला जाईल की, ज्या देशात गावठी कट्ट्यांचा प्रश्न अद्याप सुटलेला नाही, तेथे प्लास्टिकच्या बंदुकीचा विचार ही चैन आहे. हा प्रतिवाद वरवर सबळ वाटतो. परंतु जेथे बेकायदा खरी शस्त्रे आढळतात, तेथेच नकली शस्त्र खरे समजले जाण्याचा संभव अधिक असतो. जपानच्या समाजाला जे दुर्लक्ष परवडले, ते भारताला परवडेल असे म्हणता येत नाही. दुसऱ्या बाजूने, प्रत्येक प्रतिकृतीला परवाना लावणे हाही उपाय नव्हे. आधीच भार असलेल्या परवाना यंत्रणेवर तो आणखी एक भार ठरेल आणि एखाद्या नाट्यमंडळाला रंगमंचावरील पिस्तुलासाठी जिल्हाधिकारी कार्यालयात खेटे घालावे लागतील.

समारोप

एअरसॉफ्ट बंदुकीविषयीच्या या चार व्यवस्थांत प्रत्येकीने एकेका मापाला प्राधान्य दिले. जपानने ऊर्जा मोजली, ब्रिटनने प्रथम रूप व नंतर ऊर्जा मोजली, अमेरिकेने खूण पाहिली आणि भारताने बोअर मोजला. उपरोक्त विवेचनातून पुढील निष्कर्ष हाती येतात.

१) इजेचा धोका व समजुतीचा धोका हे परस्परांहून भिन्न आहेत. एका मापाने दोहोंचे नियमन करणारा कायदा एकाला न्याय देताना दुसऱ्याकडे दुर्लक्ष करतो.

२) प्लास्टिक गोळीच्या बंदुकीसाठी बोअर हे माप अयोग्य आहे. भारतीय नियमांत तिच्यासाठी ऊर्जेवर, शक्य तर छेदाच्या क्षेत्रफळाशी निगडित ऊर्जेवर, आधारलेला स्वतंत्र वर्ग असणे तर्कसंगत ठरेल.

३) रूपाचे नियमन विक्री व सार्वजनिक ठिकाण या दोन जागी करावे. घरात बाळगण्याला गुन्हा ठरवणे अनावश्यक आहे. त्यासाठी लागणारी व्याख्या शस्त्र अधिनियमात १९५९ पासून उपलब्ध आहे. गरज आहे ती तिचा विस्तार करण्याची.

४) खेळासाठीचा अपवाद व्यक्तीच्या प्रतिष्ठेवर न ठेवता तिच्या प्रत्यक्ष सहभागावर ठेवण्याचे ब्रिटिश तत्त्व स्वीकारार्ह आहे. मात्र सहभागाची नोंद विक्रेत्यांच्या हाती असू नये.

५) रंगाची खूण उपयुक्त असली, तरी ती पुरेशी नाही. शस्त्र ओळखण्याची जबाबदारी ज्यांच्या हाती खरे शस्त्र आहे त्यांची आहे; ती वस्तूवरील पट्ट्याकडे सोपवता येत नाही.

वस्तू खोटी असली, तरी तिच्यामुळे वाटणारी भीती खरी असते आणि त्या भीतीपोटी झाडलेली गोळीही खरी असते. खोट्या शस्त्राचा कायदा करताना ही दोन सत्ये विसरली गेली, तर त्याचे मोल बहुधा ज्याच्या हाती खेळणे आहे त्यालाच द्यावे लागते.